एक आजोळ अंजनवेलला, एक घर त्रिशूरला

श्रावण निम्मा सरला की घरोघरी एक विषय हमखास निघतो. यंदा गणपतीला कुठे जायचं, सासरी की माहेरी? भगिनींनो, तुमच्यापैकी बहुतेकींना हा प्रश्न एका घाटाचा किंवा फार तर एका रात्रीच्या एस.टी.चा असेल. आमच्याकडे तो हजारेक किलोमीटरचा आहे. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं अंजनवेल आणि सासर केरळात, त्रिशूरजवळच्या एका गावी. आम्ही राहतो ठाण्याला. पदरात दोन मुलं, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चारचा. एक आजी त्यांना 'बाळा' म्हणून हाक मारते, तर दुसरी 'मोळे' आणि 'मोने' म्हणून.

हल्ली अशी घरं पुष्कळ झाली आहेत. कुणाची सून बंगाली, कुणाचा जावई कानडी. लग्न होतं तेव्हा दोघांचं कसंही भागतं. खरी परीक्षा सुरू होते ती मुलं झाल्यावर. बारसं कुणाच्या पद्धतीने? जावळ काढायचं की नाही? मुलं बोलणार कुठली भाषा? आणि सणाला कुठल्या आजीच्या अंगणात खेळणार? तुमच्याही घरात, शेजारात किंवा उद्या लेकीच्या-सुनेच्या संसारात हे प्रश्न येतील. म्हणून आधी माझ्या माहेरची सहल घडवते आणि बोलता बोलता बाकीचं सांगते.

खाडीच्या तोंडाशी

चिपळूणहून गुहागरच्या रस्त्याला लागलं की मार्गताम्हाने, शृंगारतळी अशी गावं मागे पडतात आणि हवेत खारेपणा येतो. सह्याद्रीतून उतरलेली वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत येऊन जिथे समुद्राला मिळते, त्या खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल आहे. समोरच्या तीरावर दाभोळ. ते दापोली तालुक्यात, आम्ही गुहागर तालुक्यात. मधे नुसतं पाणी, पण आमच्या लहानपणी 'पलीकडे जाऊन आलो' म्हणजे मोठा प्रवास वाटायचा. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट सुरू झाली आणि आता माणसंच काय, मोटारीसुद्धा त्या बोटीत बसून पलीकडे जातात. मुलांना अंजनवेलचं पहिलं वेड लागलं ते या बोटीचं. इंजिनाची धडधड, माशांच्या टोपल्या, दुचाक्या, शाळेची पोरं, सगळं एका फळीवर!

गावाच्या डोक्यावर गोपाळगड आहे. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला याच्यासारखी जागा नाही. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ साली हा किल्ला घेऊन त्याला गोपाळगड नाव दिलं. १७५५ मध्ये तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज भक्कम तटबंदी, खडकात खोदलेला खंदक आणि आत आंब्याची झाडं असं त्याचं रूप आहे. पुढे समुद्राच्या कड्यावर टाळकेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळच दीपगृह. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी दिसते.

आणि तिसऱ्या बाजूला दिसतात त्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या. तुम्ही पेपरात 'दाभोळ प्रकल्प' वाचलं असेल, पण गंमत अशी की तो दाभोळला नाहीच, तो आमच्या तीरावर आहे. एन्रॉन कंपनी १९९२ साली आली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. पुढे १९९७ मध्ये झालेली आंदोलनं आठवतात. शेजारच्या वेलदूरच्या कोळणी रस्त्यावर उतरल्या होत्या. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून नवी कंपनी काढून तो पुन्हा हाती घेतला. या सगळ्या उलाढालीत निरनिराळ्या प्रांतांची माणसं आमच्या गावाशेजारी राहायला आली. आमच्या आयाबाया बाजारात त्यांच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत भाव करायला शिकल्या. त्यामुळे मी केरळी जावई आणला तेव्हा गावाने फार डोळे वटारले नाहीत. शेजारच्या काकूंनी एवढंच विचारलं, "मासे खातो ना गो?" खातो म्हटल्यावर प्रश्न मिटला.

तेरडा दोन्ही अंगणांत

लग्नाआधी मला वाटायचं की केरळ म्हणजे सगळंच निराळं. प्रत्यक्षात मी कोकणातून निघून कोकणातच उतरले की काय असं झालं. तोच लाल माती, माड, फणस, सुपारी आणि तोच न थांबणारा पाऊस.

परशुरामाची गोष्टच घ्या. चिपळूणच्या घाटावर परशुरामाचं देऊळ आहे. त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केलं ही कथा आम्ही पाळण्यापासून ऐकतो. केरळातही तोच परशुराम, पण तिकडे तो बाण मारत नाही, परशू फेकतो. मुलीने दोन्ही आजींकडून गोष्ट ऐकली आणि मग न्यायाधीश होऊन विचारलं, "आजी, खरं काय? बाण की परशू?" माझी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही. इकडे बाण मारला, तिकडे परशू फेकला. एवढा मोठा समुद्र एका हत्याराने हटतो होय?" मुलीचं समाधान झालं. मुलांना 'कुठलं खोटं' हे सांगण्याची घाई आपल्यालाच असते.

दुसरी गोष्ट तेरड्याची. आमच्याकडे भाद्रपदात गौर येते ती तेरड्याची. मुली-सुना पाणवठ्यावरून, शेताच्या बांधावरून तेरडा आणतात. त्याच दिवसांत केरळात ओणम असतो आणि दहा दिवस अंगणात फुलांची रांगोळी घालतात, तिला 'पूक्कळम' म्हणतात. पहिल्यांदा ओणमला गेले तेव्हा सासूबाई पहाटे परडी घेऊन निघाल्या. मीही मागे गेले. बघते तर परडीत तेरडा! तिकडे त्याला 'काशित्तुंबा' म्हणतात. आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. आमच्या घरी मात्र हा रंग दोन्हीकडचा मिळून पंधरा दिवस पुरतो!

त्रिशूरकडे ओणमला अंगणात मातीचा निमुळत्या टोकाचा देव मांडतात. तो वामनाचं रूप मानतात, आणि सण मात्र बळीराजाच्या भेटीचा. वर्षातून एकदा तो आपल्या प्रजेला बघायला येतो अशी श्रद्धा. आपणही दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो असं म्हणतोच की! फक्त आपण म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो, ते त्याच्यासाठी पानभर जेवण रांधतात. अवियल, ओलन, काळन, तोरण, पुळी-इंजी, केळ्याचे काप आणि शेवटी पायसम.

स्वयंपाकघरातली तर आणखीच जवळीक. आपले पातोळे तुम्हाला माहीत आहेतच. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्यायचा, मधे ओलं खोबरं आणि गूळ, पान दुमडायचं आणि उकडायचं. केरळातली 'इलयडा' याच घराण्यातली, फक्त पान केळीचं. केळीचं पान आधी जाळावर शेकून मऊ करतात म्हणजे दुमडताना फाटत नाही. आईला ही युक्ती मी सांगितली आणि सासूबाईंना हळदीच्या पानाचा वास दिला. आता एकीच्या परसात हळद वाढते ती दुसरीने पाठवलेल्या गड्ड्याची आहे.

भाषेचं त्रांगडं

सारखेपणाच्या गोष्टी सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. भाषेचं काम अवघड आहे. मल्याळम आणि मराठी या बहिणी नव्हेत, फार तर शेजारणी. मी आणि माझे यजमान लग्नाआधीपासून एकमेकांशी इंग्रजीत बोलायचो, मधून मधून हिंदी. मुलं झाली तेव्हा धोका लक्षात आला. दोन्ही आजींना न येणारी भाषा घरात राज्य करणार आणि मुलं दोन्ही घरी पाहुणी होणार! त्यातच एका शाळेत प्रवेशाच्या वेळी बाईंनी सल्ला दिला की घरी इंग्रजीच बोला, म्हणजे मुलं गोंधळणार नाहीत.

आम्ही तसं केलं नाही. मी मुलांशी मराठीच बोलायचं आणि त्यांनी मल्याळमच, हा नियम केला. सुरुवातीला मुलगी एका वाक्यात तीन भाषा कालवायची. बायका हसायच्या. पण चार वर्षांची होईपर्यंत कुणाशी काय बोलायचं हे तिला बरोबर कळू लागलं. मुलं गोंधळत नाहीत हो. त्यांना फक्त प्रत्येक भाषेचं एक माणूस लागतं, ज्याच्याशी त्या भाषेवाचून गत्यंतर नाही. म्हणूनच आजीकडे जाणं महत्त्वाचं. आठ दिवस आजीच्या पदराला धरून राहिल्यावर जी भाषा येते, ती घरी चार पुस्तकं वाचून येत नाही.

एक गंमत सांगते. मल्याळममध्ये भाताला 'चोरू' म्हणतात आणि फणसाला 'चक्का'. मुलगा तीन वर्षांचा असताना त्रिशूरहून आल्या आल्या अंजनवेलला जेवायला बसला आणि ओरडला, "आजी, चोरू!" आई हातातला डाव टाकून दाराकडे धावली. पुढे "चक्का पाहिजे" म्हणाला तेव्हा बिचारीने श्रीखंडासाठी दही टांगलं. आता तिच्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मुलीने मोठ्या अक्षरात वीस शब्द लिहून दिलेत. त्रिशूरच्या घरी असाच कागद मराठी शब्दांचा आहे, मल्याळम लिपीत. आणि 'ळ' म्हणायला मुलांना कुठेच अडत नाही, कारण दोन्ही घरी तो भरपूर आहे!

दोन पंचांगं

आता मूळ अडचण. गणपती आपल्या चांद्र पंचांगाने येतो, ओणम त्यांच्या सौर वर्षातल्या चिंगम महिन्यात तिरुवोणम नक्षत्रावर. त्यामुळे दोन सणांमधलं अंतर दरवर्षी बदलतं. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता. ओणम २९ ऑगस्टला होऊन गेला आणि गणपती आले १९ सप्टेंबरला. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला, ओणम १५ ला. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला, गौरी-गणपतीचं विसर्जन २ सप्टेंबरला आणि ओणम ५ ला.

वर्षाच्या सुरुवातीलाच मी कॅलेंडरवर दोन्ही तारखांना कुंकवाचं बोट लावते. जवळ आले तर एकाच फेरीत दोन्ही सण होतात. २०२५ मध्ये तसंच केलं. विसर्जन करून दुसऱ्या दिवशी चिपळूणला गाडी धरली आणि ओणमच्या आदल्या दिवशी त्रिशूरला पोचलो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली नसती तर माझा संसार असा दोन्हीकडे चालला नसता. सण लांब पडले तर मात्र निवडावं लागतं. मग गणपतीला अंजनवेल आणि उन्हाळ्यात विषूला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास, त्रिशूर. विषूच्या पहाटे घरातलं वडील माणूस मुलांचे डोळे झाकून त्यांना देवापुढे नेतं. तिथे तांदूळ, नारळ, काकडी, सोनं, आरसा आणि पिवळीधमक फुलं मांडलेली असतात. वर्षाचं पहिलं दर्शन त्याचं. ती फुलं म्हणजे आपला बहावा. त्यानंतर मुलांच्या हातावर नाणं पडतं, म्हणून विषू त्यांचा लाडका.

गणपती कुणाचा?

२०२४ च्या गणपतीनंतर माहेरी एक विषय निघाला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. भाऊ आखातात नोकरीला, त्याला दरवर्षी रजा मिळत नाही. आई सत्तरी ओलांडलेली. नातेवाईक म्हणू लागले, आता गणपती मुंबईला चुलत्यांच्या घरी न्यावा, इथलं घर बंद करावं, आईने लेकीकडे राहावं. बोलणं काळजीपोटीच होतं. मी म्हटलं, आम्ही येतो ना दरवर्षी! त्यावर कुणीतरी म्हणालं, "तू येशील गो, पण तू सासरची. तुझी पोरं तिकडली. त्यांचा सण निराळा."

वाचक भगिनींनो, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. जात, प्रांत एक असला तरी लेकीला ते ऐकावंच लागतं. मी काही बोलले नाही.

त्या आठवड्यात आम्ही ओणमला त्रिशूरला होतो. माझा चेहरा पाहून सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, लेकाकडून सगळं काढून घेतलं. त्यांच्या समाजात पूर्वी घर आईकडून मुलीकडे जायचं. मुलं आईच्या घरची मानत. त्या घराला 'तरवाड' म्हणत. एकत्र कुटुंबाची ती पद्धत केरळात १९७५ च्या कायद्याने संपली, पण अम्मांचं बालपण त्या घरात गेलेलं. त्यांना आमचा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, "मुलं आईच्या घरच्या देवापाशी नाही जाणार, तर कुठे जाणार? ओणमला मी इथे आहेच. तो राजा दरवर्षी येतो, एखाद्या वर्षी ही उशिरा आली तर रागावणार नाही."

हे मी आईला फोनवर सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लेकीच्या लेकरांनी आरती धरली म्हणून बाप्पा काय पाटावरून उठून जाणार आहे गो?"

२०२५ ला गणपती अंजनवेललाच बसले. भावाला रजा मिळाली नाही, संकल्पाला चुलतभाऊ मुंबईहून आला. मुलीने दूर्वा निवडल्या, जावयाने छताला फळापानांची चौकट बांधली आणि माझ्या मुलाने आरतीत झांजा इतक्या वाजवल्या की काकू कानावर हात ठेवून हसत होत्या. पुढे काय होईल? आईचे गुडघे दुखतात, कौलं दर पावसाळ्याआधी परतावी लागतात, आणि शेवटी निर्णय भावाचा आणि आईचा. पण 'पोरं तिकडली' हे यंदा कुणी म्हटलं नाही. मला तेवढं पुष्कळ आहे.

मुलांना घेऊन जाताना

तुम्हाला अंजनवेलला यायचं झालं तर चिपळूणपर्यंत रेल्वे आणि पुढे गुहागरची एस.टी., हा सोपा मार्ग. दापोलीकडून येत असाल तर दाभोळला फेरीबोट धरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. तेव्हा पुढच्या गाडीच्या वेळेत भरपूर अंतर ठेवा. घाटात मुलांना लागतं, म्हणून निघताना पोटभर खायला घालू नका. सुकी भाकरी, आवळासुपारी आणि जुन्या साडीचे दोन तुकडे हाताशी असावेत. गडावर पावसाळ्यात दगड निसरडे असतात, कड्याजवळ मुलांचा हात सोडू नका. दीपगृह पाहण्याची वेळ आधी चौकशी करून ठरवा.

आणि दोन रीतींच्या घरासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. दोन्हीकडच्या सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, ऐन वेळी ठरवलं की भांडण होतं. मुलाला प्रत्येक घरी एक काम नेमून द्या, कारण काम असलेलं मूल पाहुणं राहत नाही. एका आजीची दुसरीशी तुलना मुलांपुढे करू नका. आणि दोन्ही आजींची एकमेकींशी ओळख होऊ द्या, भाषा येत नसली तरी. आमच्या दोघी व्हिडिओवर एकमेकींना लोणच्याच्या बरण्या दाखवतात. बोलणं दोन-चार शब्दांचं, हसणं मात्र भरपूर. कुणी शिकवलेलं नसताना मुलं ते बघत बसतात, आणि दोन घरं एकमेकांची वैरी नसतात एवढं त्यांना त्यातून कळतं.